वहिनीच्या टॅक्सीचं तेल

गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला सगळे मलम म्हणत. मेकॅनिक लोकांनी पाडलेलं नाव, आणि तोंडावरही तेच वापरायचे. एखादं गिऱ्हाईक काउंटरवर तापून आलं, एका आवाजासाठी टाकलेली गाडी दोन आवाज घेऊन परत गेली, की आतून हाक यायची, "मलमला पाठवा." मग तो यायचा, आवाज खालच्या पट्टीत, हात मागे बांधलेले. आधी माणसाला खुर्ची द्यायची, मग पाणी, मग "तुमचं म्हणणं खोटं नाही साहेब" इथून सुरुवात. त्यानं गाडी बरी व्हायची असं नाही, माणूस मात्र निवून घरी जायचा. मॅनेजरला तेवढं पुरे होतं.

तसा तो नुसता बोलघेवडा नव्हता. उमेदीची बरीच वर्षं त्यानं गाड्यांखाली उताणं पडून काढली होती. पाठीनं दगा दिला तेव्हा हातातला पाना जाऊन पेन आलं. गाडीच्या पोटात काय चालतं हे काउंटरवरच्या बाकी कुणापेक्षा त्याला जास्त कळायचं, आणि पुढे जे झालं त्यात त्याला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. अडाणीपणामुळे चुकलो, असं म्हणायची सोय त्याच्यापाशी नव्हती.

त्याचा थोरला भाऊ टॅक्सी चालवायचा. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं स्वतःची शाळा सोडून स्टिअरिंग धरलं आणि धाकट्याला मात्र शिकवलं. वहिनी घरात आली तेव्हा हा अजून शाळेत जात होता. तिच्या हातचं खाऊन मोठा झाला, म्हणून तो तिला सरळ "वहिनी, तू" म्हणायचा. ती मात्र पहिल्या दिवसापासून त्याला "भाऊजी, तुम्ही" म्हणत आली.

पन्नाशी उलटल्यावर दादाला काचबिंदू झाला. कडेचं दिसेनासं झालं, आधी आरशातलं, मग शेजारून येणारी सायकल. एक दिवस त्यानं आपणहून किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुन्हा हात लावला नाही. घरात बरेच दिवस कुणी त्या खिळ्याकडे बघेना. मग वहिनी म्हणाली, "मी शिकते."

"या वयात?" दादा हसला.

"गाडीला कुठे वय कळतं?"

शिकवलं दादानंच, शेजारच्या सीटवर बसून, निम्म्या नजरेनं आणि दुप्पट आवाजानं. लायसनच्या परीक्षेत ती पहिल्या फेरीत नापास झाली, दुसऱ्या फेरीत पास झाली, आणि टॅक्सी स्टँडवरच्या पुरुषांच्या रांगेत गाडी लावून बसू लागली.

जुनी टॅक्सी पेट्रोल फार प्यायची. नवी कुठली घ्यायची, हा प्रश्न अर्थातच मलमकडे आला. त्यानं कंपनीच्याच वापरलेल्या गाड्यांतून एक हायब्रिड निवडून दिली. पेट्रोलचं इंजिन आणि विजेच्या मोटारी, दोन्ही एकाच गाडीत. गर्दीत रांगायची वेळ आली की इंजिन आपसूक बंद पडतं आणि गाडी विजेवर सरकते. शहरातल्या टॅक्सीला याहून चांगलं काय हवं? त्यानं स्वतः चालवून बघितली, खाली वाकून बघितली, मगच हो म्हणाला. वहिनीचा जम बसला. आठवड्यातल्या ठरलेल्या वारी एका आजोबांना डायलिसिसला न्यायचं आणि परत आणायचं, हे तिचं पक्कं काम होतं. त्यांच्यासाठी मागच्या सीटवर तिनं एक उशी ठेवलेली असायची, आणि आजोबा दर वेळी एकच विनोद करायचे, "ही उशी आहे म्हणून येतो, डॉक्टरसाठी कोण येतंय."

आता तेलाचं सांगायला हवं. या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये एक तेल असतं. ते नुसतं दातेरी चाकांना वंगण देत नाही, आतल्या मोटारींना थंडही ठेवतं. कंपनी त्याला लाइफटाइम म्हणते, म्हणजे बदलायला नको. खूप वर्षं मलमही तेच धरून चालला होता. मग एकदा भरपूर चाललेली एक गाडी दुसऱ्याच कशासाठी तरी उघडावी लागली. फोरमननं गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला आणि ट्रेमध्ये जे पडलं ते काजळ कालवल्यासारखं होतं. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. मलम शेजारीच उभा होता.

"हे लाइफटाइम?" त्यानं विचारलं.

"लाइफटाइमच," फोरमन म्हणाला. "पण कुणाचं लाइफ, ते कुठे सांगितलंय? वॉरंटीचं असेल."

पुढच्या सुट्टीला मलमनं स्वतःची गाडी आत घेतली. तीही हायब्रिडच. फोरमननं तेल बदलून दिलं. साधं काम, वरचा एक बोल्ट तेल भरायचा, खालचा एक काढायचा. "भरायचा आधी उघडायचा," फोरमन म्हणाला. "नाहीतर खालून सगळं ओतून टाकलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी उपाशीपोटी इथेच मुक्कामाला." बोलता बोलता काम संपलंसुद्धा.

त्यानंतर मलम काउंटरवर प्रामाणिकपणे सांगू लागला. गाडी फार चालत असेल, ओझं वाहत असेल, तर हे तेल बदलून घ्या. काहींनी घेतलं. मग एक जण असा भेटला की त्यानं सगळा हॉल डोक्यावर घेतला. "तुमचीच कंपनी म्हणते लाइफटाइम, आणि तुम्ही बदला म्हणता? लुटायला बसलात का इथं?" तक्रार वरपर्यंत गेली. मॅनेजरनं मलमला सगळ्यांसमोर उभं केलं आणि सुनावलं, "कंपनी जे सांगते तेच सांगायचं. तुमचं संशोधन घरी."

आयुष्यभर दुसऱ्याच्या भाजल्यावर फुंकर घालणाऱ्या या माणसाला स्वतःला चटका बसला, तेव्हा काय करावं सुचेना. त्यानं कानाला खडा लावला. तिथून पुढे कुणीही तेलाचं विचारलं की एकच उत्तर, लाइफटाइम आहे साहेब, निर्धास्त राहा. स्वतःच्या गाडीचं मात्र तो वेळ झाली की बदलून घेत राहिला, सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून.

एकदा वहिनी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली. तिच्यामागे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि काउंटरच्या आत मॅनेजर वाकून प्रिंटरशी झगडत होता.

"भाऊजी, एक विचारायचं होतं," वहिनी म्हणाली. "स्टँडवर एक जण म्हणत होता, गिअरबॉक्सचं तेलसुद्धा बदलावं लागतं. आपलं बदलायचं का?"

प्रिंटरची खुडबुड थांबली. निदान मलमला तसं वाटलं.

"नाही वहिनी." काउंटरवर असला की तो तिलाही अहोजाहो करायचा. "ते लाइफटाइम असतं. गाडी आहे तोवर तेल आहे. स्टँडवरची डॉक्टरकी तुम्ही स्टँडवरच ठेवा."

मागचे दोघं हसले. वहिनीही हसली, जराशी ओशाळून. "तेच म्हटलं, तुम्हाला विचारलेलं बरं," असं म्हणाली आणि किल्ली देऊन बाकावर जाऊन बसली.

संध्याकाळी फोन करून खरं काय ते सांगू, हे त्यानं तिथल्या तिथे ठरवलं होतं. संध्याकाळी घरी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी विसरला. आठवलं तेव्हा बरेच दिवस उलटले होते, आणि आता सांगायचं तर ती विचारणार, मग तेव्हा का नाही सांगितलंत? या एका प्रश्नाचं बरं दिसेल असं उत्तर त्याला जुळवता येईना. पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू, म्हणेपर्यंत पुढची सर्व्हिसिंग होऊन गेली. वहिनीशी खोटं तो एकदाच बोलला होता. गप्प मात्र रोज बसत होता.

मध्यंतरी दादाकडे सगळे जेवायला जमले होते. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "स्टँडवर आता मला मान आहे बरं का. आमच्यात आणखी दोघांकडे हीच गाडी आहे. ते तेल बदलायला निघाले होते. मी म्हटलं, उगाच खर्चात पडू नका, आमचे भाऊजी कंपनीत आहेत, त्यांनी सांगितलंय, लाइफटाइम आहे. गेलेच नाहीत मग."

"त्याचा शब्द म्हणजे काय," दादा म्हणाला आणि ज्या बाजूला धाकटा बसला असेल असं वाटलं त्या बाजूला मान वळवून हसला.

मलमनं ताटातला पुढचा घास मोडला. तेव्हा बोलला असता तर निदान वेळ गेली नव्हती. तो म्हणाला, "भाजी छान झालीय."

पुढे वहिनी एकदा फोनवर म्हणाली की गाडी हल्ली हळू जाताना गुणगुणते, शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तशी. तो आवाज कसला असू शकतो हे मलमला नक्की ठाऊक होतं. पण तोंडातून आलं ते सवयीचं, "टायरचा असेल. सवड मिळाली की आण, बघू." मनात त्यानं योजना आखली होती, गाडी आली की फोरमनकडून गुपचूप तेल बदलून घ्यायचं, कुणाला काही सांगायलाच नको. पण त्यानं इतक्या सहज सांगितलं की वहिनीनंही सहज घेतलं. तिच्या भाड्यांच्या धबडग्यात ती सवड काही निघाली नाही.

गाडी बंद पडली ती उड्डाणपुलाच्या चढावर, भर सकाळच्या गर्दीत, आजोबांना घेऊन जाताना. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली, गाडीनं एक आचका दिला आणि ती जागच्या जागी थिजली. मागून भोंगे सुरू झाले. कंपनीच्या मदतक्रमांकाआधी वहिनीनं मलमला फोन लावला.

तो टोचन करणारी गाडी घेऊन पोचला तेव्हा आजोबांना दुसऱ्या टॅक्सीत बसवून झालं होतं. वहिनी कठड्याला टेकून उभी होती, घामानं निथळत, आणि तिनं ती उशी पोटाशी धरली होती.

"घाईत उशी द्यायची राहिली," ती म्हणाली. "घाबरले होते हो ते. माझा हात सोडेनात. उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात म्हणे." मग गाडीकडे बघून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असणार. मी ब्रेक फार दाबते, तुमचे दादा सांगायचेच मला."

"बघू," मलम म्हणाला. त्याला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. तो साखळी अडकवायला वाकला आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेला राहिला.

दुपारी गाडी लिफ्टवर चढवली. दादाही आला होता, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून. फोरमननं बोल्ट काढला. ट्रेमध्ये काळं पाणी पडलं, आणि दिव्याखाली त्यात चांदीचा भुगा मिसळल्यासारखी चमक दिसली. ती धातूची झीज होती. फोरमननं बोटांवर घासून बघितली आणि काही न बोलता मलमकडे पाहिलं.

"हे तेल असंच असतं का हो?" वहिनीनं विचारलं.

फोरमननं तोंड उघडलं होतं. त्याच्या आधी मलम बोलून गेला, "जुन्या गाड्यांचं होतं असं, वहिनी. बेअरिंग गेलंय. सगळा गिअरबॉक्सच बदलावा लागेल."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मलम लावणं ते हेच. वहिनीनं मान हलवली आणि दादाला समजावून सांगू लागली.

ती दोघं गेल्यावर हत्यारांच्या खोलीत फोरमन हात पुसत म्हणाला, "तुझ्या गाडीचं आपण किती वेळा बदललं?"

मलमनं भिंतीवरचा एक पाना उगाच सरळ केला.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण तू उलटी केलीस की रे. सगळ्यांना कोरडे पाषाण ठेवलंस आणि स्वतः तेवढा ओला."

"तेलामुळेच गेला, असं छातीठोक म्हणता येईल का?" मलमनं विचारलं.

फोरमननं थोडा विचार केला. "नाही येणार. टॅक्सी आहे, दिवसभर राबलेली. बदलूनही गेला असता कदाचित. पण तेलामुळे नाही गेला, असंही मला म्हणता येणार नाही."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं मलमनं पहिलं अर्धं वाक्य धरलं. घरी जाताना तो ते मनात घोळवत होता. कदाचित गेलाच असता. कदाचित गेलाच असता. मग त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य त्याला वहिनीसाठी नको होतं, स्वतःसाठी हवं होतं, आणि गाडीत एकटा असूनही त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो दादाकडे गेला. गाडी किती दिवस उभी राहील हे सांगायचं निमित्त होतं. दादा चिडलेला होता. मिळकत थांबली होती, आणि वर आजोबांच्या मुलीचा निरोप आला होता की त्यांनी दुसरी टॅक्सी लावली आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण आम्हाला धोका पत्करता येत नाही, असं ती म्हणाली होती.

"हजारदा सांगितलं, सावकाश चालव," दादा वहिनीला म्हणाला. "गाडी हातातून कळते. तुझ्या पायाखाली कुठलीही गाडी टिकायची नाही."

मलमसमोर तो तिला असं कधी बोलला नव्हता. वहिनी कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "हो, माझंच चुकलं," म्हणाली. "भाऊजींनी एवढी निवडून दिलेली गाडी."

तो तेव्हाही बोलला नाही. हे नंतर त्याला सगळ्यात जड गेलं. "येतो मी," एवढं म्हणून तो उठला. जिन्यात त्यानं चपला घातल्या. आतून सुरीचा आवाज येत होता, ठक ठक ठक, एका लयीत, जणू काही झालंच नाही.

सकाळी तो कामावर न जाता परत तिथेच गेला. वहिनी गच्चीवर होती. टॅक्सीच्या सीटची कव्हरं धुऊन तिनं वाळत टाकली होती आणि वाळलेली घडी करत होती. दादा कोपऱ्यात उन्हाला पाठ करून बसला होता. मलम उभ्याउभ्याच म्हणाला, "वहिनी, तुझं काही चुकलेलं नाही."

"असू दे हो."

"असू दे नाही. ऐक. तू मला तेलाचं विचारलं होतंस. बदलायला हवं होतं. टॅक्सीचं तर नक्कीच. मला माहीत होतं."

वहिनीचे हात थांबले. "तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"कंपनी तर लाइफटाइम म्हणते ना?"

"कंपनी म्हणते. मी काळं झालेलं तेल डोळ्यांनी बघितलं होतं. मॅनेजर तिथे होता, मागे लोक होते. मला बोलणी खायची नव्हती. नंतर सांगणार होतो."

"नंतर म्हणजे?"

दादा उठला नाही, वळलाही नाही. त्यानं फक्त विचारलं, "तुझी गाडी पण तसलीच ना रे? तिचं?"

"बदलत आलोय," मलम म्हणाला. "आधीपासून."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. दादाच्या चेहऱ्यावर राग असता तर मलमला बरं वाटलं असतं. तिथे तसं काहीच नव्हतं. आपण चुकीच्या घरात आलो की काय अशा शंकेनं माणूस इकडेतिकडे बघतो, तसा तो बघत होता. जरा वेळानं तो वहिनीला म्हणाला, "काल मी तुला टाकून बोललो."

"बोललात खरं," ती म्हणाली. मग तिनं कव्हराची घडी पुरी केली, हातानं दाबून सपाट केली आणि मलमकडे बघितलं.

"भाऊजी, त्या दोघांना मी अडवलं होतं. स्टँडवरच्या. तुमच्या शब्दावर. त्यांच्या गाड्या अजून चालतायत. त्यांना आधी सांगायला हवं."

"मी फोरमनला फोन करायला सांगतो."

"फोरमन कशाला? त्यांना मी तुमचं नाव सांगितलं होतं."

ती खाली उतरू लागली. मलम तिच्या मागोमाग गेला. स्टँडपर्यंत दोघं पायी गेली. रस्ता ओलांडताना तिनं सवयीनं त्याचं मनगट धरलं, तो शाळेत असताना धरायची तसं, आणि पलीकडे पोचल्यावर सोडून दिलं.

स्टँडवर पत्र्याच्या आडोशाला ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यातला धिप्पाड होता त्याला सगळे पैलवान म्हणत, आणि दुसरा चष्मेवाला. हायब्रिड गाड्या याच दोघांच्या. वहिनी म्हणाली, "हे माझे दीर. यांना तुम्हाला काही सांगायचंय." आणि बाजूला झाली.

मलम आयुष्यात किती तापलेल्या माणसांसमोर उभा राहून बोलला असेल. पण ते कंपनीच्या वतीनं. इथं तो स्वतःच्या वतीनं उभा होता. तो म्हणाला, "तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून घ्या. बदलू नका असं मी वहिनीला सांगितलं होतं, ते चूक होतं. मला माहीत असून सांगितलं होतं. यांचा काही दोष नाही."

पैलवाननं चहाचा कप खाली ठेवला. "माहीत असून?"

"हो."

"आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचं?" हा प्रश्न प्रत्येकाला कसा सुचतो कोण जाणे. मलमनं पुन्हा एकदा तेच सांगितलं. पैलवान हसला, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "ताई, तुमचे भाऊजी म्हणजे देवमाणूस आहेत," तो म्हणाला, आणि मलमकडे पाठ करून उभा राहिला. बाकीचे दोघंतिघं आपापल्या चपलांकडे बघू लागले.

चष्मेवाल्यानं मात्र विचारलं, "आता बदललं तर चालेल का? बरीच पळालीय गाडी."

"चालेल. कंपनीनं सांगितलेलंच तेल घाला, दुसरं नको. आणि काळं निघालं तर थोडं चालवून पुन्हा एकदा बदला." मग जरा थांबून मलम म्हणाला, "माझ्यावर भरवसा ठेवू नका. दुसऱ्या कुणालाही विचारा."

"ते तर विचारूच," चष्मेवाला म्हणाला. तो चिडून बोलला नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

अपघातात मोडीत निघालेल्या एका गाडीचा चांगला गिअरबॉक्स फोरमननं शोधून काढला आणि सुट्टीच्या दिवशी बसवून दिला. खर्च मलमनं केला. वहिनीनं नको म्हटलं नाही, आणि आभारही मानले नाहीत. तो दिवसभर फोरमनच्या हाताखाली होता, पाठ बोलत असतानाही. संध्याकाळी गाडी आवाज न करता बाहेर पडली. वहिनीनं एक चक्कर मारली, काच खाली करून "ठीक आहे" म्हणाली आणि तशीच घरी गेली. आजोबा काही परत आले नाहीत. ती स्वतः जाऊन त्यांची उशी देऊन आली, एवढं मलमला दादाकडून कळलं.

काउंटरवर मलम आता वेगळं बोलू लागला. "कंपनी लाइफटाइम म्हणते. टॅक्सी असेल, ओझं असेल, गाडी पुष्कळ चालली असेल, तर मी बदला म्हणेन. माझ्या गाडीचं मी बदलतो." काही जण बदलून घ्यायचे, काही संशयानं बघायचे. महिन्याभरात मॅनेजरनं बोलावलं. यावेळी मलमनं मान खाली घातली नाही, पण मोठंसं भाषणही केलं नाही. "विचारलं तर खोटं सांगणार नाही," एवढंच म्हणाला. मॅनेजरनं त्याला काउंटरवरून उचलून मागे सुट्या भागांच्या खिडकीत बसवलं. तिथे गिऱ्हाईक येत नाही, मेकॅनिक येतात, फिल्टर द्या, पट्टा द्या म्हणतात. मलम हे नाव हळूहळू मागे पडलं, कारण तिथे लावायला कुणी भाजलेलं येतच नाही.

आपण शिक्षा भोगतोय असं काही त्याला वाटत नाही, आणि खरं बोलून मोठं काही केलं असंही वाटत नाही. दादाकडे तो जातो. दादा पूर्वीसारखाच बोलतो, फक्त "त्याचा शब्द म्हणजे काय" असं आता म्हणत नाही. वहिनी वाढते, आग्रह करते, हसते. तिनं त्या दिवसानंतर तो विषय एकदाही काढला नाही. कधी कधी मलमला वाटतं, काढला असता तर बरं झालं असतं.

परवा ती गाडी घेऊन आली होती. वाटेत खिडकीशी थांबली. "भाऊजी, मागच्या सीटखालच्या बॅटरीच्या पंख्याला जाळी असते म्हणे. ती साफ करायची का?"

"हो, करून घे," तो म्हणाला. "धुळीनं भरली की बॅटरी तापते."

"बरं." ती म्हणाली आणि आत गेली. खिडकीतून त्याला कामाची जागा दिसते. ती सरळ फोरमनपाशी गेली आणि तिनं गाडीच्या मागच्या सीटकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. फोरमननं मान डोलावली. मग तिनं किल्ली त्याच्या हातात दिली.

खिडकीशी दुसरा मेकॅनिक येऊन उभा होता. मलमनं त्याच्याकडे तोंड वळवलं आणि काय हवंय म्हणून विचारलं. काय हवं होतं ते त्याला दोनदा विचारावं लागलं.